नांदी झाली, सूत्रधार कोठें आहे?

लॅपटॉपची कळ दाबली, दिवा लागला, पंखा फिरूं लागला, कंपनीचें नांव पडद्यावर उमटलें, आणि त्यापुढें कांहींच नाहीं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक इंग्रजी ओळ, आणि तिच्या शेवटीं लुकलुकणारी एक रेघ. हा प्रसंग अलीकडे पुष्कळ घरांत येऊं लागला आहे. त्याचें एक कारण असें कीं, विंडोज १० ह्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि तिच्या जागीं येणारी विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चढत नाहीं. तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय व बराच नवा प्रोसेसर लागतो. धडधाकट लॅपटॉप भंगारांत घालणें आमच्यासारख्या काटकसरी घरांत कोणास रुचणार? तेव्हां कॉलेजांत जाणारा नातू किंवा पुतणी अशा यंत्रावर लिनक्स चढवून देते, यंत्र पुन्हां तरतरीत चालूं लागतें, आणि पुढें एके दिवशीं वर सांगितलेली ओळ दिसते. चढवून देणारें माणूस तोंवर बंगळूरास किंवा जर्मनीस गेलेलें असतें. घरांतील वडील मंडळी लॅपटॉप पिशवींत घालून दुकानांत जातात, आणि तेथें बहुधा एकच उत्तर मिळतें: "हें लिनक्स-बिनक्स काढून टाकतों, सगळें फॉर्मॅट मारावें लागेल."

ह्या उत्तरांत दुकानदाराचा दुष्टावा असतो असें नाहीं. त्याला झटपट उरकणारें काम हवें असतें, आणि फॉर्मॅट हें असें काम आहे कीं त्यास निदान लागत नाहीं. वैद्यानें नाडी न पाहतां प्रत्येक रोग्यास जुलाब द्यावा त्यांतलाच हा प्रकार. परंतु ह्या जुलाबांत यंत्राचें कांहीं जात नाहीं. जातो तो त्यांतील मजकूर, म्हणजे लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, कोणाचें अर्धवट लिहून झालेलें पुस्तक. लॅपटॉप सुरू न होणें आणि त्यांतील मजकूर नाहींसा होणें ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, एवढें ज्यानें ओळखलें त्याचा मजकूर बहुधा वांचतो. तें कां, हें समजण्यासाठीं कळ दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत आंत काय घडतें तें थोडें पाहिलें पाहिजे.

संगणक सुरू होण्यास इंग्रजींत 'बूट' होणें म्हणतात. हा शब्द 'बूटस्ट्रॅप' ह्यावरून आला. बुटाच्या मागील पट्टीस धरून स्वतःच स्वतःस वर उचलावें अशी त्यामागची कल्पना. आपल्या शास्त्रकारांनीं नेमका असाच दृष्टांत अशक्याचें उदाहरण म्हणून दिला आहे: कितीहि तरबेज झाला तरी नटाचा पोर स्वतःच्या खांद्यावर चढूं शकत नाहीं. संगणकासहि तें साधत नाहीं. ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवर निजलेली असते; डिस्कवरून वस्तु वाचून आणण्याची विद्या त्या प्रणालीस ठाऊक; आणि प्रणाली तर स्वतःच डिस्कवर! हा अन्योन्याश्रय सोडविण्यासाठीं यंत्र बनविणाऱ्यांनीं एक परंपरा योजिली आहे. पहिल्यानें थोडेंसें काम करून दुसऱ्यास उठवावें व आपण बाजूस व्हावें. दुसऱ्यानें तिसऱ्यास उठवावें.

संस्कृत नाटकाचा परिचय असलेल्या वाचकांस ही परंपरा चटकन् समजेल. कळ दाबतांच प्रथम जागें होतें तें फर्मवेअर. तें डिस्कवर नसतें. मदरबोर्डावरील एका चिपमध्यें बसविलेलें असतें. जुन्या यंत्रांत त्यास बायॉस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. स्मृति, कळफलक, पडदा हीं जागेवर आहेत कीं नाहींत हें तें पाहतें व कंपनीचें नांव दाखवितें. ही नांदी. नांदी संपल्यावर सूत्रधार येतो. लिनक्समध्यें ह्या सूत्रधाराचें नांव बहुधा ग्रब. आज कोणतें नाटक करावयाचें, लिनक्सचें कीं विंडोजचें, हें तोच विचारतो. आणि मुख्य पात्रास, म्हणजे कर्नलास, डिस्कवरून उचलून स्मृतींत आणून उभें करितो. कर्नलाबरोबर इनिट्रामएफएस नांवाचें एक लहानसें गांठोडें येतें. नाटकांत अंकापूर्वीं विष्कंभक असतो, पुढील अंकास लागणारी माहिती पुरवून तो संपतो, तसें ह्या गांठोड्याचें काम. डिस्क ओळखण्याचीं साधनें त्यांत असतात. त्यांच्या साहाय्यानें मुख्य डिस्क सांपडली कीं खरा अंक सुरू होतो. सिस्टीमडी नांवाचा व्यवस्थापक एकामागून एक सेवा उठवितो, आणि शेवटीं पासवर्ड विचारणारा पडदा येतो.

(ह्या कर्नलाचा आरंभ लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांत शिकत असतांना केला, त्याच्याभोंवतींचीं बरींचशीं साधनें रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पांतलीं. ग्रब हा एरिक बोलेन ह्यांनीं १९९५ सालीं प्रथम रचिला, आणि पुढें तो ग्नूच्या कुटुंबांत आला.)

जुन्या पद्धतीच्या यंत्रांत ह्या सूत्रधाराची मोठी अडचण होत असे. बायॉस डिस्कचा अगदीं पहिला, ५१२ बाइटांचा तुकडा तेवढा वाचतें. त्यांतहि आज्ञांसाठीं जागा ४४६ बाइटांची, आणि उरलेल्यांत डिस्कच्या भागांचा तक्ता. एका अक्षरास एक बाइट धरली तर ४४६ म्हणजे अनुष्टुभाचे पुरते चौदा श्लोकहि नव्हेत. एवढ्या जागेंत सूत्रधार कसा मावणार? तेथें त्याचें केवळ बोट असतें. थोडें शरीर त्याच्या लगत, आणि उरलेलें लिनक्सच्या भागांत, डिस्कवर बरेंच लांब. "अमुक क्रमांकाच्या भागांत जा, तेथें माझा उरलेला संसार आहे," एवढें तें बोट दाखवितें.

आतां वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नांदीपासून पासवर्डाच्या पडद्यापर्यंत जीं पात्रें आलीं त्यांत आपले फोटो, आपलीं पत्रें, आपलें लेखन ह्यांपैकीं एकहि नाहीं. तो सर्व संसार 'होम' नांवाच्या कप्प्यांत स्वस्थ पडलेला असतो, आणि यंत्र सुरू होण्याच्या कामीं त्याची कोणासच गरज लागत नाहीं. परंपरेंतील एखादा दुवा निखळला तर नाटक थांबतें. प्रेक्षागृह जळत नाहीं.

आमचे एक सहशिक्षक होते. चिपळुणास अनेक वर्षें शिकवून ते निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर त्यांनीं आसपासच्या खेड्यांतील शेती, गुरें, होड्या व चूल ह्यांसंबंधींचे शब्द जमविण्याचा नाद लावून घेतला. वह्या भरल्या. त्यांतील मजकूर ते रोज दुपारीं लॅपटॉपवर उतरवीत. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळुणांत जो महापूर आला त्यांत त्या वह्या गेल्या. लॅपटॉप माडीवर होता म्हणून राहिला. पुढें ते स्वतःहि गेले. लॅपटॉप मात्र तसाच होता, एका बाजूस विंडोज व दुसऱ्या बाजूस लिनक्स असा दुहेरी संसार मांडलेला. गेल्या वर्षीं सुटीस आलेल्या त्यांच्या नातवानें तो सुरू केला, विंडोजमध्यें जागा कमी आहे असें पाहून रिकामी पडलेली 'डी' ड्राइव्ह काढून टाकली, आणि यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें. तेव्हां ना विंडोज, ना लिनक्स. पडद्यावर इंग्रजींत एवढेंच: असा भाग नाहीं, आणि खालीं 'ग्रब रेस्क्यू' हे दोन शब्द. गांवांतील एका दुकानांत नेल्यावर डिस्क गेली, फॉर्मॅट करावें लागेल, असें उत्तर मिळालें. सुदैवानें वहिनींनीं तें ऐकून लॅपटॉप परत आणला व आमच्यापुढें ठेविला.

"भावोजी, यंत्राचें काय व्हायचें तें होऊं द्या," त्या म्हणाल्या. "ह्यांचा कोश तेवढा निघाला तर पाहा."

नातू बिचारा कोपऱ्यांत उभा होता. "आजोबा, मी लिनक्सला हातसुद्धां लावला नव्हता. ती ड्राइव्ह खरोखर रिकामी होती." तो खोटें बोलत नव्हता, आणि निदान करण्यास त्याची ही एक ओळच पुरेशी होती.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिले चार क्रमांक मुख्य भागांसाठीं राखून ठेवलेले असतात. त्यांपैकीं एक मोठा भाग आंतून पुन्हां विभागतां येतो, आणि त्या आंतील भागांस पांचापासून क्रमांक मिळतात. ह्या लॅपटॉपांत पांचवा भाग म्हणजे ती रिकामी 'डी' ड्राइव्ह, आणि सहावा भाग म्हणजे लिनक्स. पांचवा काढतांच सहावा आपोआप पांचवा झाला. चाळींतील पांच नंबरची खोली पाडावी, म्हणून सहा नंबरच्या खोलीस पांच नंबर मिळावा, आणि पोस्टमननें सहा नंबर शोधीत जिन्यांत उभें राहावें, तसें झालें. सूत्रधाराचें बोट अजून सहाकडेच होतें. त्या खोलींतील कुटुंब आपल्या जागीं सुखरूप होतें, चुलीवर दूध तापत होतें. पत्ता तेवढा चुकला होता. आणि जुन्या यंत्रांत विंडोजकडे जाण्याची वाटहि ह्याच सूत्रधाराच्या हातांत असल्यामुळें तीहि बंद पडली. दोन्ही प्रणाली एकदम मेल्या, तेव्हां डिस्कच गेली, असें दुकानदारानें अनुमान केलें. धूर दिसला म्हणून अग्नि आहे, हें अनुमान खरें; पण सकाळचें धुकें पाहून अग्निशामक बंब बोलावणारासहि धूरच दिसलेला असतो.

आम्हीं प्रथम दुरुस्तीस हात घातला नाहीं. प्रथम मजकूर, मग यंत्र, हा क्रम सोडूं नये. लिनक्सची एक मोठी सोय अशी कीं, ती पेन-ड्राइव्हवरूनच संपूर्ण चालविता येते. आंतील डिस्कला स्पर्श करावा लागत नाहीं. ह्यास 'लाइव्ह' चालविणें म्हणतात. दुसऱ्या चांगल्या संगणकावर लिनक्सची प्रतिमा त्या त्या लिनक्सच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी व आठ जीबीच्या पेन-ड्राइव्हवर रूफस किंवा तत्सम साधनानें लिहावी. नुसती फाइल पेन-ड्राइव्हवर ठेवून भागत नाहीं, ती ह्या साधनानेंच लिहावी लागते. आणि लिहितांना पेन-ड्राइव्हवरील पूर्वीचें सारें पुसलें जातें, हें अगोदर ध्यानांत घ्यावें. मग बिघडलेल्या लॅपटॉपास तो लावून कळ दाबावी व सुरू होण्याचें साधन निवडण्याची कळ दाबीत राहावें. डेल व लेनोव्हो ह्यांच्या बहुतेक यंत्रांत ती एफ१२, एचपीच्या यंत्रांत एफ९, आसूसच्या यंत्रांत एस्केप. पडद्यावर 'इन्स्टॉल' व 'ट्राय' असे दोन मार्ग दिसले तर 'ट्राय' घ्यावा. 'इन्स्टॉल' घेऊं नये, हें आम्ही मुद्दाम दोनदां सांगतों.

ह्या एका प्रयोगानें न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेक आपोआप घडतो. पेन-ड्राइव्हवरून यंत्र व्यवस्थित चाललें तर पडदा, स्मृति, प्रोसेसर, कळफलक हीं निर्दोष ठरतात, आणि दोष डिस्कवर किंवा डिस्कवरील व्यवस्थेंत उरतो. तसेंही न चाललें तर लिनक्सला बोल लावण्यांत अर्थ नाहीं. दोष यंत्राच्या शरीरांत शोधावा.

वहिनींचा लॅपटॉप व्यवस्थित चालला. फाइलींच्या खिडकींत डिस्कचे भाग दिसले, त्यांत लिनक्सचा भाग उघडला, 'होम' उघडलें, आणि आमच्या मित्राच्या नांवाच्या कप्प्यांत कोश होता. एका ठिकाणीं परवानगी नसल्याचा अडथळा आला, तो प्रशासकाच्या अधिकारानें उघडून दूर केला. कोशाच्या दोन प्रती दोन निराळ्या पेन-ड्राइव्हांवर उतरविल्या, आणि त्यांपैकीं एक उघडून खरोखर वाचतां येते कीं नाहीं हेंहि पाहिलें. 'न' ह्या अक्षराखालीं नांगराच्या निरनिराळ्या भागांचीं नांवें एकाखालीं एक लागलेलीं होतीं. वहिनी पडद्याकडे पाहत कितीतरी वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

दुरुस्ती त्यानंतरची, आणि ती थोडक्यांत झाली. पेन-ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हां सुरू केलें. 'ग्रब रेस्क्यू' समोर एल आणि एस हीं दोन अक्षरें टंकलीं. ह्या आज्ञेनें डिस्कचे भाग दिसतात, लिहिलें कांहींच जात नाहीं. पडद्यावर एमएसडॉस१, एमएसडॉस२ व एमएसडॉस५ अशा अर्थाचीं नांवें आलीं, सहावें नव्हतें. पुन्हां तीच आज्ञा एकेका भागाच्या नांवासह व पुढें तिरकी रेघ देऊन दिली. विंडोजच्या भागावर 'अनोळखी फाइलसिस्टीम' असें उत्तर आलें. तें ऐकून घाबरूं नये, ह्या अवस्थेंत ग्रबास इतरांची भाषा येत नाहीं इतकेंच. पांचव्या भागावर मात्र बूट, होम वगैरे ओळखीचीं नांवें दिसलीं. मग 'सेट' ह्या आज्ञेनें 'प्रिफिक्स' म्हणजे पांचव्या भागांतील बूट, त्यांतील ग्रब, असें सांगितलें. 'रूट'हि पांचवाच असें सांगितलें. 'इन्समॉड नॉर्मल' आणि नंतर 'नॉर्मल' असें लिहितांच निवडीचा नेहमींचा पडदा समोर उभा राहिला. लिनक्स उघडल्यावर टर्मिनलमध्यें 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा देऊन सूत्रधाराचें बोट कायमचें पांचाकडे वळविलें. येथें नांव सबंध डिस्कचें द्यावयाचें असतें, भागाच्या क्रमांकासह नव्हे. शेवटीं 'अपडेट-ग्रब' दिलें. कर्नलास आपली डिस्क शोधण्यास अडचण पडली नाहीं. कारण हल्लीं लिनक्स आपला भाग क्रमांकानें ओळखीत नाहीं, यूयूआयडी नांवाच्या एका लांबलचक खुणेनें ओळखतें. खोलीचा नंबर बदलला म्हणून माणसाचें गोत्र बदलत नाहीं, तसेंच हें.

प्रत्येक बिघाड ह्याच ठिकाणीं असतो असें नाहीं. परंतु पडद्यावर काय लिहिलें आहे तें वाचलें म्हणजे कोणता दुवा निखळला हें बहुतेक कळतें. आमच्या लोकांस पडद्यावरील इंग्रजी ओळ वाचण्याचा विलक्षण कंटाळा आहे. परीक्षेंत प्रश्न न वाचतां उत्तर लिहूं लागणाऱ्या विद्यार्थ्यांचे आम्ही आयुष्यभर गुण कापले. मोठ्या माणसांचे गुण कापण्यास दुकानदार बसलेला असतो. ओळ समजली नाहीं तरी मोबाइलनें तिचा फोटो घेऊन ठेवावा. बंगळूरास गेलेल्या पुतणीस "लॅपटॉप बंद पडला" असें फोनवर सांगितल्यानें कांहींच कळत नाहीं. फोटो पाठविला तर तिचें निम्में काम होतें.

यंत्र न विचारतां सरळ विंडोजमध्यें जात असेल तर काळजीचें कारण सहसा नसतें. नव्या यंत्रांतील फर्मवेअर आपल्याजवळ सूत्रधारांची एक यादी ठेवतें. विंडोजच्या एखाद्या मोठ्या सुधारणेनंतर किंवा फर्मवेअरच्या दुरुस्तीनंतर त्या यादींत विंडोज वर चढतें. फर्मवेअरच्या पडद्यांत जाऊन लिनक्सचें नांव पुन्हां वर आणावें.

सिक्युअर बूटची गोष्ट थोडी निराळी. ज्या सूत्रधाराच्या कागदावर ओळखीचा शिक्का आहे त्यालाच रंगभूमीवर येऊं द्यावें, असा हा पहारा. लिनक्सच्या बहुतेक प्रसिद्ध प्रकारांपाशीं मायक्रोसॉफ्टचा शिक्का असलेला शिम नांवाचा एक लहान मध्यस्थ असतो, त्यामुळें पहारेकरी त्यांस अडवीत नाहीं. पण १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुधारणेनें जुन्या, सदोष सूत्रधारांस मनाई करणारी एक यादी यंत्रांत बसविली. दुहेरी संसार असलेल्या यंत्रांस ती लागूं होऊं नये असा मायक्रोसॉफ्टचा उद्देश होता. परंतु अशीं कित्येक यंत्रें ओळखूंच आलीं नाहींत, आणि जगभर अनेकांचें लिनक्स दारांतच अडलें. कांहींतरी फारच गंभीर बिघडलें आहे, अशा अर्थाचें भयंकर वाक्य पडद्यावर येऊन यंत्र आपोआप बंद होई. वस्तुतः डिस्कवरील एकहि अक्षर हललें नव्हतें. सिक्युअर बूट तात्पुरतें बंद करून लिनक्समध्यें जाणें, ती यादी पुसणें, लिनक्स अद्ययावत् करणें व पहारा पुन्हां बसविणें हा त्यावरील उपाय. मात्र ह्या पडद्यास हात लावण्यापूर्वीं, विंडोजमध्यें बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आंकड्यांची किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. पहाऱ्यांत बदल झाला कीं विंडोज ती मागूं शकतें, आणि ती नसेल तर त्यापुढें कोणाचेंच चालत नाहीं. लिनक्समध्यें ज्यांनीं डिस्क संकेताक्षरांत बंद करून ठेविली आहे त्यांसहि हेंच लागूं. मजकूर वांचतो असें जें आम्हीं वर म्हटलें, त्यास विसरलेला पासवर्ड हा एक अपवाद आहे.

सुधारणा घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशीं कर्नल 'पॅनिक' झाल्याची ओळ दिसली तर बहुधा नव्या कर्नलाबरोबरचें गांठोडें अपुरें राहिलेलें असतें. बूटसाठीं राखून ठेवलेली जागा भरल्यामुळें हें पुष्कळदां होतें. ग्रबच्या पडद्यावर 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' घेऊन त्याच्याआधींचा कर्नल निवडावा. लिनक्स जुना कर्नल लगेच फेंकून देत नाहीं, ही त्याची जुन्या घरासारखी संवय येथें कामास येते. काळा पडदा आणि नुसता बाण दिसत असेल तर ग्राफिक कार्डाचा संशय घ्यावा. ग्रबच्या पडद्यावर 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटीं 'नोमोडसेट' हा शब्द लिहून एफ१० दाबावें. हा शब्द त्या एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून प्रयोग करण्यास भीति नाहीं. आणि यंत्र दीड मिनिट थांबून 'इमर्जन्सी मोड' असें ओरडलें तर एफएसटॅब नांवाच्या यादींत अशी एखादी डिस्क लिहिलेली असते कीं जी कोणीं तरी काढून नेलेली आहे. यजमान पाहुण्याची वाट पाहत पानावर खोळंबून बसतो, त्यांतला हा प्रकार. ती ओळ काढावी, किंवा तिच्यापुढें 'नोफेल' हा शब्द घालावा.

राहिला तो इनिट्रामएफएसचा अडथळा, आणि त्याविषयीं थोडें सांभाळून बोलावें लागतें. कोंकणांत पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल त्याचा नेम नाहीं, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नांवालाच उरलेली असते. लिहितां लिहितां वीज गेली कीं डिस्कवरील नोंदींत विसंगति राहते. पुढच्या वेळीं विष्कंभक सुरू होतो, पण अंक उघडत नाहीं, आणि 'एफएससीके स्वतः चालवा' असें पडद्यावर येतें. एफएससीके ही नोंदी तपासून जुळविणारी आज्ञा आहे. त्या भागाच्या नांवासह ती दिली व विचारलेल्या प्रश्नांस होकार दिला कीं पुष्कळदां यंत्र पूर्ववत् होतें. परंतु डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, किंवा पडद्यावर 'आय-ओ एरर' असे शब्द पुनःपुन्हां येत असतील, तर ही आज्ञा देऊं नये. तेव्हां डिस्क खरोखरच मरणपंथास लागलेली असण्याचा संभव आहे, आणि अशा डिस्ककडून हिशेब जुळवून घेणें म्हणजे धाप लागलेल्या म्हाताऱ्यास जिना चढावयास लावणें. त्या वेळीं पेन-ड्राइव्हवरून यंत्र चालवून जेवढें निघेल तेवढें काढून घ्यावें, अतिशय मोलाचें असेल तर यंत्र बंद करून मजकूर काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्यावें. अशा प्रसंगीं डिस्क गेली असें दुकानदार म्हणाला तर तो खरेंच सांगत असतो.

लिनक्सचे कांहीं अभिमानी असें भासवितात कीं त्यांची प्रणाली कधीं बंदच पडत नाहीं. आणि विरोधक म्हणतात कीं ती घरगुती माणसाच्या उपयोगाची नाहीं. आमचा अनुभव दोघांसहि अनुकूल नाहीं. ती बंद पडते. मात्र बंद पडतांना काय बिघडलें तें सांगते, आणि तिला उठविण्याचीं साधनें फुकट मिळतात. वहिनींच्या घरीं आतां लॅपटॉप चालतो, नातू दर रविवारीं कोशाची नवी प्रत पेन-ड्राइव्हवर उतरवितो, आणि 'प' पासून पुढचे शब्द आजीकडून विचारून भरूं लागला आहे. त्यांपैकीं कांहीं शब्द आम्हांसहि ठाऊक नव्हते.

ज्यांच्या घरीं असें यंत्र आहे त्यांनीं तें चालू असतांनाच एक चिठ्ठी करून ठेवावी: कोणत्या कळेनें सुरू होण्याचें साधन निवडतां येतें, लिनक्सचा कोणता प्रकार चढविला आहे, तो डिस्कच्या कितव्या भागांत आहे, बिटलॉकरची किल्ली कोणती, आणि 'ट्राय'चा पेन-ड्राइव्ह कोणत्या डब्यांत ठेविला आहे. ही चिठ्ठी लॅपटॉपमध्यें ठेवणारेहि आम्हीं पाहिले आहेत! आमची चिठ्ठी पंचांगाच्या पुठ्ठ्यास आंतून चिकटविलेली असते; पाडव्यास नवें पंचांग येतें तेव्हां ती पडताळून नव्यानें लिहून घेतों.